नऊ महिने कोणी हात लावला नाही

पत्र: आमची राजापूर तालुक्यात साठेक कलमं आणि थोडी काजू आहे. मी ठाण्याला नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी गवत काढायला पेट्रोलवरचं टू-स्ट्रोक ग्रास कटर घेतलं. गेल्या डिसेंबरात काम झाल्यावर ते स्वच्छ पुसलं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं आणि पडवीत खताच्या गोणींशेजारी ठेवलं. टाकीत अर्धं पेट्रोल होतं, ते वाया कशाला घालवा म्हणून तसंच राहू दिलं. गणपतीला गेलो तर मशीन सुरूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटर गेला, नवा घाला. गेल्या वर्षीही हाच खर्च झाला होता. घर सांभाळणारा चुलतभाऊ मधल्या काळात मशीन वापरतो आणि वाट्टेल ते पेट्रोल घालतो असा मला संशय आहे. विचारलं तर म्हणतो, "दादा, मी हातसुद्धा लावला नाही." त्यावरून आमच्यात अबोला आहे. बायको म्हणते विकून टाका, माणूस लावा. मशीन इतके महिने ठेवायचं कसं? कार्बोरेटर दर वर्षी बदलावाच लागतो का? की मशीन ठाण्याला आणून चांगल्या ठिकाणी दाखवू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमचा चुलतभाऊ खरं बोलतोय. मला हे तुमच्याच पत्रावरून कळलं. टू-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. त्याने बिनऑइलचं पेट्रोल घालून मशीन चालवलं असतं तर इंजिन जाम झालं असतं आणि दोरी जागची हललीच नसती. तुमची दोरी खांदा भरून येईपर्यंत ओढली जात होती, म्हणजे पिस्टन मोकळा आहे. आणि त्याने ते महिन्या-दोन महिन्यांनी नीट चालवलं असतं, तर गणपतीला ते चार-पाच ओढींत सुरू झालं असतं. नऊ महिने त्याला खरोखरच कोणी हात लावला नाही, हेच त्याचं दुखणं. तेव्हा आधी त्याला फोन करा, मग पुढचं वाचा.

ही छोटी इंजिनं चालून बिघडतात त्याहून जास्त बसून बिघडतात. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या भिंतीला ग्रास कटर ओळीने टेकून उभे असतात, दवाखान्याबाहेर पेशंट बसावेत तसे. बहुतेकांची हकीकत तुमच्यासारखीच असते: दिवाळीनंतर चांगलं चालत होतं, पुसून ठेवलं, आता चालत नाही. मालक बाहेरून पुसतो. बिघाड आत, टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये (पेट्रोलात हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) होत असतो.

माझ्या गल्ल्याशेजारी काचेची एक बाटली असायची. एका गिऱ्हाइकाच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल तिच्यात भरून ठेवलं होतं. वरचा भाग हिरवट, टू-टी (म्हणजे टू-स्ट्रोक मशीनसाठीच्या) ऑइलच्या रंगाचा. खाली दोन बोटं जाडीचा दुसरा थर, पाण्यासारखा, ऑइलचा रंग न धरलेला. बाटली हलवली की दोन्ही मिसळल्यासारखे व्हायचे आणि चहा पिऊन होईपर्यंत पुन्हा वेगळे. लोकांना हे तोंडाने सांगून पटत नव्हतं, बाटली दाखवली की पटायचं. (पुढे बायकोने ती फेकायला लावली, आणि तिचं बरोबर होतं. पेट्रोल उघड्या दुकानात शोभेला ठेवायची वस्तू नाही.)

तो खालचा थर म्हणजे पाणी आणि इथेनॉल. आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता साधारण २० टक्के इथेनॉल असतं. या मिसळणीचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, तोही आपल्याच मिरज आणि मनमाडला आणि उत्तर प्रदेशात बरेलीला. २०२५ पर्यंत ते प्रमाण देशभर २० टक्क्यांवर पोचलं. उसाला आणि मक्याला त्याने गिऱ्हाईक मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्याभरात संपतं, तिथे या साठवणीच्या प्रश्नाशी गाठच पडत नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मीठ ओढतं तसं. ग्रास कटरच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक वाट असते, ती नसेल तर पेट्रोल खाली उतरणारच नाही. आणि मिरगापासून नवरात्रापर्यंत कोकणातली हवा कशी असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पडवीतलं मीठ पाणी धरतं, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, तीच हवा चार महिने टाकीत जात-येत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून सुटतं आणि तळाला बसतं. टाकीतली नळी वजनदार फिल्टर लावून तळाशीच सोडलेली असते. म्हणजे इंजिन पहिला घोट घेतं तो नेमका या थराचा. त्यावर ते पेटत नाही, हे तुमचं नशीबच. कारण त्या थरात टू-टी ऑइल जवळजवळ नसतं, आणि चुकून पेटलं असतं तर पिस्टन सुका घासला गेला असता.

इथेनॉल नसतं तरी नऊ महिन्यांचं पेट्रोल चांगलं राहिलं नसतं, हेही सांगतो, नाहीतर सगळा दोष सरकारवर टाकून लोक मोकळे होतात. पेट्रोलचा जो हलका भाग थंड इंजिनला पटकन पेटवतो, तो उन्हाळ्यात पत्र्याखाली सगळ्यात आधी उडून जातो. मागे राहतं ते जड, आणि कार्बोरेटरमध्ये त्याचा हळूहळू चिकट राप होतो, काजूच्या चिकासारखा. वासावरूनही कळतं. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, जुन्याचा जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस येतो.

आता तुमचा कार्बोरेटर. ग्रास कटर कसाही तिरका धरावा लागतो, म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये जुन्या मोटरसायकलसारखी पेट्रोलची वाटी आणि तरंगणारा फ्लोट नसतो. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात, आपल्याकडे सरसकट डायफ्राम म्हणतात. एक पेट्रोल ओढतो, दुसरा गरजेपुरतं सोडतो. नवा पडदा बोटाने दाबला तर बेडकाच्या कातड्यासारखा मऊ लागतो. जुन्या पेट्रोलमध्ये बसलेला पडदा वाळक्या पानासारखा कडकडतो. तो लवत नाही म्हणून पेट्रोल चढत नाही, एवढीच गोष्ट. अशा वेळी अख्खा कार्बोरेटर फेकायची गरज क्वचितच असते. पडदे आणि पॅकिंग यांचा संच वेगळा मिळतो, नव्या कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ पैशांत. कार्बोरेटर खोलायचा, क्लीनरचा फवारा मारून भोकं मोकळी करायची, संच बदलायचा, टाकीतली नळी आणि फिल्टरही त्याच बैठकीत नवे घालायचे. भोकांत सुई किंवा तार मात्र घालू द्यायची नाही. भोक केसभर मोठं झालं की मशीनची चाल कायमची बिघडते.

तुमचा मेकॅनिक लबाड आहे असं मी म्हणत नाही. गणपतीत दारात रांग असताना तासभर बसून जुना धुण्यापेक्षा नवा बसवणं त्याला परवडतं. काढलेला कार्बोरेटर मागून घ्या. आणि पुढच्या वेळी त्याच्याकडे मशीन गणपतीत नेऊ नका, जुलैत द्या.

दुकानात नेण्याआधी स्पार्क प्लग काढून पाहायची सवय मात्र लावून घ्या, त्याने निम्मं निदान घरीच होतं. दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर प्लग काढला आणि टोक कोरडं असेल, तर पेट्रोल वर पोचतच नाही. म्हणजे फिल्टर, नळी, पडदे. टोक ओलं असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल, तर एक तर करंट नाही किंवा चोक लावून जास्त ओढल्यामुळे इंजिन पेट्रोलने भरलंय. मग प्लग पुसून वाळवायचा, चोक पूर्ण काढायचा, प्लगचं भोक खाली करून सात-आठ वेळा दोरी ओढायची आणि आतलं पेट्रोल बाहेर पडू द्यायचं. थोडं थांबून प्लग बसवायचा आणि ॲक्सिलेटर दाबून पुन्हा ओढायचं. चोक लावून पंधरा वेळा ओढणारा माणूस मशीनला बुडवत असतो. पहिला 'फट्' आवाज आला की चोक अर्धा करा, हा नियम. प्लगच्या दोन टोकांमधली फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी. मोजायला फिलर गेज नसेल तर हॅक्सॉचं पातं बेताचं सरकेल इतकी.

आता मशीन ठेवायचं कसं. तुम्ही डिसेंबरात ठेवता, त्या दिवसाचा एक तास द्यायचा. गाडी पकडायच्या घाईत, बॅगा भरून झाल्यावर नाही, आदल्या दिवशी.

मशीन गार झाल्यावर अंगणात या. जवळ विडी, चूल, पाणी तापवायचा बंब काही नको. टाकी नरसाळ्याने कॅनमध्ये रिकामी करा. कार्बोरेटरजवळ पारदर्शक रबरी फुगा असतो, तो दाबत राहा, नळीतलं पेट्रोल टाकीत परत येईल, तेही ओता. मग मशीन सुरू करा आणि नुसतं हळू चालू द्या. मिनिट-दोन मिनिटांत ते आचके देऊन बंद पडेल. चोक लावून आणखी दोन-तीनदा ओढा, काही उरलं असेल तर तेही जळेल. पडदे एकमेकांना चिकटून वाळत नाहीत ते यामुळेच. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत याहून वेगळं काही सांगितलं असेल तर पुस्तिकेचं ऐका, माझं नाही.

काढलेलं पेट्रोल महिन्याभराच्या आतलं असेल तर चुलतभावाला द्या, कोणाच्या तरी टू-स्ट्रोक मशीनमध्ये संपेल. विहिरीच्या बाजूला, नारळाच्या आळ्यात, गटारात ओतू नका. आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल स्कूटरच्या टाकीत ढकलू नका.

मग प्लग काढून त्या भोकात चहाचा एक छोटा चमचा टू-टी ऑइल सोडा. दोरी अगदी हळू दोन-तीनदा ओढा, म्हणजे ऑइल आत सगळीकडे लागेल. जोरात ओढलीत तर ते पिचकारीसारखं तोंडावर येतं, हे मी अनुभवाने सांगतोय. प्लग परत बसवा आणि दोरी हळूहळू ओढत जिथे ती जड लागते तिथे सोडून द्या. त्या जागी इंजिन दाबात बंद असतं आणि दमट हवेला आत शिरायला वाव कमी राहतो.

एवढं झालं की सत्तर टक्के काम झालं. बाकीची स्वच्छता. इंजिनच्या अंगावर ज्या धातूच्या पाकळ्या असतात, त्यांच्यामध्ये गवताचा भुगा आणि तेल मिळून घट्ट थर बसतो. पाकळ्या हवा लागून इंजिन थंड ठेवायला असतात, त्यांना गोधडी पांघरल्यावर ते तापणारच. यासाठी स्क्रूड्रायव्हर वापरू नका. माडाच्या झाडणीतला एक हीर काढा, अगदी बेतशीर जातो आणि काही खरवडत नाही. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण सुकवा. पेट्रोलमध्ये धुवायची पद्धत सोडा, स्पंज त्याने फुगून तुटतो. पातं काढून घासा आणि ऑइलचा हात फिरवा. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढलेली हवी, इंजिन बंद असलं तरी.

दांड्याच्या खालच्या टोकाला, पात्याच्या वर गिअरची जी डबी असते, तिच्या बाजूला एक स्क्रू असतो. तुमच्या मशीनचा तो स्क्रू तीन वर्षांत उघडलाय का? बहुतेक घरी तो कधीच उघडलेला नसतो. त्यातून ग्रीस भरायचं असतं, साधारण दर २५ तासांच्या कामानंतर. चांगलं लिथियम ग्रीस ट्यूबमध्ये मिळतं. तुडुंब भरू नका, फिरताना गरम होऊन ते सील ढकलून बाहेर येतं. काम करताना डबी हात लावू नये इतकी तापत असेल तर आत ग्रीस संपलंय.

आणि पात्याऐवजी गवत कापायला लावतात ती नायलॉनची दोरी. ती वर्षभर पडून राहिली की ठिसूळ होते, गवताला लागताच तुकडे उडतात आणि माणूस म्हणतो दोरी डुप्लिकेट आहे. नायलॉन पाणी पिऊन लवचीक राहतं. वापरायच्या आदल्या रात्री वेटोळं पाण्याच्या बादलीत टाका. सगळ्या उपायांत हा फुकटचा आहे, आणि माझा आवडता.

जागा. तुमची पडवीची जागा दोन्ही बाजूंनी चुकली. खताची गोण हवेतलं पाणी ओढते आणि तिचा ओलसर क्षार ॲल्युमिनियम, तांबं, स्क्रू सगळं खातो. मशीन आणि खत एका भिंतीच्या दोन बाजूंना असावेत, एका कोपऱ्यात नाही. दुसरं म्हणजे प्लास्टिक. घट्ट बांधलेल्या पिशवीत आतला ओलावा आतच राहतो, दिवसा वाफ आणि रात्री दंव. गोणपाटही नको, तो पाणी धरून ठेवतो. आजीचं जुनं सुती लुगडं असेल तर ते सगळ्यात बरं. मशीन जमिनीवर आडवं ठेवण्यापेक्षा खुंटीला किंवा वाशाला टांगा, इंजिन वर. उंदरांना पेट्रोलची नळी आणि प्लगची वायर का आवडते हे मला आजवर कळलेलं नाही, पण टांगलेल्या मशीनपर्यंत त्यांची धाव कमी पडते. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा लावा. कुंभारीण माशीला अशी भोकं म्हणजे आयतं घर. ती आत चिखलाचं घरटं बांधते, आणि मग सगळं काही ठीक असूनही मशीन सुरू झाल्या झाल्या गुदमरून बंद पडतं. माझ्याकडे आलेल्या एका मशीनचं कार्बोरेटर, प्लग, कॉइल, सगळं तपासून झाल्यावर सायलेन्सर खोलला तेव्हा चिखलाच्या चार गोळ्या पडल्या. बोळा लालभडक कापडाचा घ्या आणि लोंबता ठेवा, नाहीतर तो काढायला विसराल.

आता ऑइलबद्दल, कारण तुमच्या पत्रात "वाट्टेल ते पेट्रोल" असा शब्द आहे आणि या बाबतीत चुका खरंच होतात. आजची बरीच टू-स्ट्रोक मशीनं चांगल्या टू-टी ऑइलवर १:५० चालतात, म्हणजे लिटरला २० मिली. काही १:२५ मागतात, म्हणजे लिटरला ४० मिली. तुमचं कुठलं, ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं. "झाकणभर" हे माप नाही, कारण कुठल्या बाटलीचं झाकण यावर सगळं आलं. खोकल्याच्या औषधाबरोबर १० मिलीची खूण असलेली टोपी येते, ती धुऊन ऑइलच्या बाटलीला रबरबँडने बांधून ठेवा. १:५० असेल तर लिटरला दोन टोप्या. ऑइल जास्त झालं तर सायलेन्सर आणि प्लग काजळीने भरतात, धूर होतो, तरी इंजिन वाचतं. कमी झालं किंवा राहिलंच, तर काही मिनिटांत पिस्टन जाम. मिसळायचं ते वेगळ्या कॅनमध्ये, मशीनच्या टाकीत नाही, आणि दर वेळी ओतण्याआधी कॅन हलवायचा. मोटरसायकलच्या इंजिनचं ऑइल यात चालत नाही.

माझी स्वतःची एक फजिती यात आहे. घरी टू-स्ट्रोक ग्रास कटर आणि साध्या पेट्रोलवरचा फोर-स्ट्रोक पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) दोन्ही होते. दोघांचे कॅन एकसारखे, पाच लिटरचे पांढरे. घाईत साधं पेट्रोल कटरमध्ये गेलं. दोन कलमांभोवतीचं गवत झालं, आवाज बारीक आणि कर्कश होत गेला, मला वाटलं आज मशीन फॉर्मात आहे. तिसऱ्या कलमाखाली ते जे थांबलं ते थांबलंच. दुसऱ्याच्या मशीनवर उपदेश करणाऱ्या मेकॅनिकने आपला पिस्टन आणि सिलिंडर मुकाट बदलला. तेव्हापासून टू-टीच्या कॅनला लाल रंगाचा पट्टा आहे आणि त्याच्यावर मिसळल्याची तारीख खडूने लिहिलेली असते. महिना झाला की ते पेट्रोल कटरमध्ये घालत नाही.

पेट्रोल टिकवण्याचं द्रावण ऑनलाइन मिळतं, त्याबद्दल विचारण्याआधीच सांगतो. ते ताज्या पेट्रोलमध्ये घालून मशीन पाच-दहा मिनिटं चालवलं, म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पोचलं, तर पेट्रोलचा राप होणं लांबतं. पण सुटलेलं पाणी ते परत मिसळून देत नाही आणि खराब झालेलं पेट्रोल चांगलं करत नाही. दोन-तीन महिन्यांच्या खंडाला ठीक. नऊ महिन्यांसाठी टाकी रिकामीच.

घरी फोर-स्ट्रोक काही असेल, पॉवर वीडर किंवा खांद्यावरचं छोटं इंजिन, तर त्याचा हिशोब थोडा निराळा. त्यात पेट्रोल साधं आणि ऑइल वेगळ्या कप्प्यात. ठेवण्याआधी इंजिन कोमट असताना जुनं ऑइल काढून नवं घालायचं, कारण काळं झालेलं ऑइल आम्लासारखं आतून खात बसतं. छोट्या इंजिनात ते जेमतेम १०० मिली मावतं, म्हणजे अर्धा कप, तेवढ्यासाठी कंजुषी करू नये. वीडरच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते, तिचा तळाचा स्क्रू सैल करून तीही रिकामी करा आणि पेट्रोलचा कॉक बंद करा.

मशीन ठाण्याला आणायचं म्हणता, पण कोकणकन्या किंवा तुतारीने आणणार असाल तर सोडून द्या. पेट्रोल असलेली कुठलीही वस्तू डब्यात नेणं रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टाकी रिकामी केली तरी नळीत आणि कार्बोरेटरमध्ये राहतंच, वासावरून शेजारचा प्रवासीच तक्रार करेल. आणि गरजही नाही. पडद्यांचा संच ठाण्यातून मॉडेल नंबर सांगून घ्या, खिशात मावतो. तो घेऊन गावच्याच मेकॅनिककडे जा.

घरात पेट्रोल किती ठेवायचं हेही तुमच्या काळजीत असेल. विक्रीसाठी नसलेलं, योग्य भांड्यात ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला परवाना लागत नाही. पण कायदा परवानगी देतो म्हणून कौलारू घरात, चुलीपासून जेमतेम दोन भिंतींच्या अंतरावर पाच-पाच लिटर साठवायचं नसतं. साठ कलमांना आठवडाभरात जे लागेल तेवढंच आणा. काचेच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर नकोच. पाण्याची बाटली म्हणून कोणीतरी तोंडाला लावतं, आणि गणपतीत घरात मुलं असतात.

राहता राहिला वहिनींचा प्रश्न, विकावं का? तुम्ही वर्षातून दोनदा गावी जाऊन मिळून सहा-सात दिवस मशीन चालवत असाल, तर हिशोबाने त्या बरोबर आहेत. स्वतःचं मशीन घेऊन दिवसावर येणारी मुलं आता गावोगाव आहेत. त्यांचं मशीन रोज चालतं म्हणून चांगलं असतं, आणि भाद्रपदातल्या उंच गवतात फुरसं कुठे असतं ते त्यांना तुमच्याहून जास्त ठाऊक असतं. त्यात कमीपणा काही नाही. अंगणापुरतं काम असतं तर मी बॅटरीचं घ्या म्हटलं असतं, पण साठ कलमांच्या खालचं रान तिच्याने उरकत नाही.

मला मात्र तिसरा मार्ग दिसतो. मशीन चुलतभावाच्या हवाली करा, सांभाळायला नाही, वापरायला. त्याने आपली वाडी साफ करावी, मोहोर यायच्या आधी तुमच्या कलमांखालचंही काढावं, काजू पडायला लागायच्या आत एकदा फिरवावं, म्हणजे वणव्याची भीतीही कमी. पेट्रोल-ऑइलचे आणि त्याच्या मजुरीचे पैसे तुम्ही द्या, हिशोब न मागता. मे महिन्यात, मिरगाच्या आधी, वर सांगितलं तसं टाकी रिकामी करून त्याने ते टांगावं, आणि ऑगस्टमध्ये ताजं पेट्रोल घालून सुरू करून पाहावं. नऊ महिन्यांचं बसणं दोन-अडीच महिन्यांवर येईल.

हे त्याला फोनवर सांगू नका. आत्ता ज्याच्यावर संशय घेतला, त्याला लगेच मशीन देतो म्हटलं तर तो ते टोमण्यासारखं घेईल. दिवाळीला जाताना पडद्यांचा संच, ग्रीसची ट्यूब आणि एक गॉगल घेऊन जा, आणि कार्बोरेटर बसवताना त्याला शेजारी बसवा. प्लग काढायचा पाना मशीनबरोबर आला होता, तो तीन वर्षांत नक्की हरवला असेल. आमच्याकडे सगळ्यांचा हरवतो. तो त्यालाच विचारा, बहुधा त्याने कुठेतरी जपून ठेवला असेल.